रिव्हेलीच्या आधी उठणारा मारुती

शालन, जवळ ये बघू. कागदावरून का होईना, तुझा कान धरू दे. पाठीचा एक्सरे काढलास आणि मला कळवलं नाहीस? वर आईला सांगतेस, उशी बदलली की बरं वाटेल. अगं, मी वीस वर्षं मिलिटरी नर्सिंगमध्ये काढली, गादीकारखान्यात नव्हे. आता गप बसून ऐक. तुझ्या वडिलांचं तुला कुणी नीट सांगितलेलं नाही.

एकाहत्तर साली माझं पोस्टिंग पंजाबात होतं, सरहद्दीजवळच्या मिलिटरी हॉस्पिटलात. मी लेफ्टनंट. पावसाळा संपताना एक जवान लाल डोळा घेऊन वॉर्डात ॲडमिट झाला. लान्सनायक मारुती, गाव शिरोळ. मी उचगावची म्हटल्यावर म्हणाला, "मग घरचंच माणूस की!" तेव्हापासून मी त्याची ताई.

रिव्हेली, म्हणजे पहाटेचा बिगुल, वाजायच्या आधी मारुती उठलेला असायचा. व्हरांड्यात इकडून तिकडं चालायचा, हळूहळू मोकळा व्हायचा. बाकीचे जवान म्हणायचे, केवढी शिस्त. पलटणीतही तेच कौतुक. ड्रिलचा उस्ताद नव्या पोरांना याच्यासमोर उभं करून सांगायचा, सावधान असं पाहिजे. पाठ भिंतीसारखी. मागून हाक मारली की नुसती मान वळायची नाही, अख्खा मारुती वळायचा.

"मान आखडलीय का रे?" मी विचारलं.

"न्हाय ताई, आमच्या घराण्याची चालच हाय. आबा फौजेत हुतं, त्यांचीबी अशीच. लग्नात सासऱ्याच्या पाया पडाय सांगितलं, तितंबी पाठ वाकली न्हाय!"

वॉर्ड हसला. मीही हसले.

मेडिकल स्पेशालिस्ट मेजरसाहेब हसले नाहीत. लाल डोळा, ताठ पाठ, बापाचंही तेच. म्हणाले, मणके एकमेकांना चिकटत जातात, रक्तातून पुढच्या पिढीत उतरतं. मारुती पहाटे शिस्त म्हणून चालत नव्हता गं. पडून राहिलं की पाठीचं लाकूड व्हायचं. बरं करणारं औषध नव्हतं. फौजेत ठेवायचं की घरी पाठवायचं ते ठरवायला मेडिकल बोर्ड बसायचं होतं, त्याआधीच पलटण पुढं सरकली आणि त्याला परत मागवलं.

डिसेंबरात लढाई सुरू झाली, मला ऑपरेशन थिएटरला घेतलं. एका दुपारी सव्वातीनला ॲम्ब्युलन्स आली. स्ट्रेचरवर मारुती. पोटात तोफगोळ्याचा तुकडा, स्प्लिंटर. शुद्धीत होता.

"ताई, पोरगी मान धराय लागली म्हणं. रजेवरनं आलेल्या गड्यानं सांगितलं."

"छान. आता बोलू नकोस."

पोट उघडायचं तर पूर्ण भूल हवी. भुलीसाठी घशात नळी घालायची, आणि नळी जायला मान मागं न्यावी लागते. भूल देणारे कॅप्टन डोक्याशी उभे.

"सिस्टर, हेड बॅक."

"सर, जात नाही."

"उशी काढा."

उशी काढली. डोकं टेबलाला टेकलंच नाही. चार बोटं वर, अधांतरी राहिलं.

कॅप्टननी पुन्हा पुन्हा प्रयत्न केला. निदान कमरेखाली बधिर करावं म्हणून पाठीत सुई घालून बघितली, मणक्यांत फटच नव्हती. शेवटी सर्जननी गळ्याला छेद दिला. नळी गेली.

"पल्स?"

"नो पल्स, सर."

टेबल पुसून पुढचा जखमी घेतला. तो वाचला.

लढाई संपल्यावर रजा काढून मी शिरोळला गेले. तुझे आजोबा, मारुतीचे आबा, अंगणात आले ते कमरेत पार वाकून, माझ्याशी बोलताना जमिनीकडं बघत; एकेकाळची ताठ पाठ वयानं वाकून तशीच गोठली होती. मी आजाराचं सांगितलं. म्हणाले, "आमच्यात असंच असतंय बाई. म्हातारपण लवकर येतं." तू माझ्या मांडीवर होतीस. मान खरंच धरली होतीस, आणि कावळा ओरडला की गर्रकन वळवत होतीस. मी मनात म्हटलं, सगळ्यांना थोडंच उतरतं? ही सुटेल.

परवा तुझी आई आली. कौतुकानं म्हणाली, "शालन लई कामसू झालीया. उजाडायच्या आधी उठून अंगण झाडती. बसती म्हणून न्हाय." माझ्या हातातला चहा तसाच राहिला. तिनं आणलेला तुझा एक्सरे खिडकीशी धरला. कमरेखालचे दोन्ही सांधे पुसट झालेत, चिकटू लागलेत. तुला सोळावं लागलंय.

खोटं सांगत नाही, बाळ. गोळ्या आहेत, व्यायाम आहे. त्यानं दुखणं हलकं होतं, थांबत नाही. तेव्हा नव्हतं ते औषध आजही नाही.

डिसेंबरातली ती दुपार आली की मी दारात सावधान उभी राहते, मारुतीसाठी. शेजारणी हसतात, हसू देत. त्याच्यासारखं सावधान मला कधी जमलं नाही. तुलाही जमू नये.

या रविवारी उचगावला ये. लांबवू नकोस. खाली सतरंजी घालीन, उशी देणार नाही. तुझं डोकं जमिनीला टेकतं का, तेवढं मला बघू दे.