वाटीभर टाकळा

काल टाकळ्याची जुडी निवडायला घेतली आणि त्या उग्र वासासरशी सफाळ्याच्या आतल्या पाड्यावरचं एक धुरकट घर आठवलं. ऐंशी सालानंतरची गोष्ट, मी नवी आरोग्यसेविका होते. पिशवीत आहाराचा तक्ता आणि मापाची स्टीलची वाटी घेऊन चिखल तुडवत मी तिसऱ्यांदा त्या घरी गेले होते. तिथल्या गरोदर बाईला रोज वाटीभर पालेभाजी खायला सांगून मी एक वाटी देऊनही आले होते, तरी अंगात रक्तच नसल्यासारखे तिचे डोळे पांढरेफटक ते पांढरेफटकच. "खातेस का गं?" "खाते ना बाय, रोज वाटीभर," असं म्हणून तिने वाटी पुढे केली. आत टाकळ्याचा कच्चा पाला होता! शिजल्यावर त्याचे जेमतेम दोन घास झाले असते. माझं डोकंच फिरलं. "अगं, शिजवून वाटीभर! किती वेळा सांगायचं?" मी ओरडले. चुलीतली लाकडं सारत ती शांतपणे म्हणाली, "तवढी शिजवाची तर टोपलीभर पाला लागल. टोपलीभर शिजवली का सगली जेवतीन, मंग माज्यासाठी काय उरल? दोन घास हायेत म्हून कोण मागत नाय." तक्त्यात यावर काहीच नव्हतं. मी आणखीच चिडले, नोंदवहीत 'आहार समजावून सांगितला' असं खरडलं आणि तरातरा निघाले. काल माझी वाटी भरूनही कढईत भाजी उरली. मागायला कुणी नव्हतं.