नेमसिंगची हरकत

धारखेड्यात नेमसिंगचा आवाज ठाऊक नाही असं माणूस नव्हतं. नळाला दोन दिवस पाणी येणार नाही, रविवारी पोलिओचा डोस आहे, डुकरं मोकाट सोडू नका, हे सगळं गावाला त्याच्याच तोंडून कळायचं. पालिकेची सायकलरिक्षा, वर भोंगा, मागं बॅटरी आणि पायडल मारता मारता माईकमध्ये सुरू, "ऐकाऽ हो ऐकाऽ! तमाम नाऽगरिकांना कळविन्यात येतं कीऽऽ..." चौकात सुरू झालेला तो 'की' थेट मारुतीच्या पारापाशी संपायचा. त्याची बायको मिराबाई म्हणायची, "अवो, घरात भाजी वाढ म्हनायला तुमचा आवाज फुटत न्हाई. तिथं कुठून येतो?"

एक्क्याण्णव साली तो औंढ्याकडच्या तांड्यातून इथं आला. पालिकेत रोजंदारीवर लागला आणि बारा वर्षं रोजंदारीवरच राहिला. गावाबाहेरच्या उतारावर त्यानं आधी पाल टाकलं, मग मातीच्या भिंती, मग पत्रे. त्याच्या मागोमाग तांड्यातली आणखी सात घरं आली. एक हापसा, एक लिंब, आठ घरं. दर वर्षीची घरपट्टीची पावती प्रत्येकाच्या पेटीत. कुणी विचारलंच तर लोक छाती काढून सांगायचे, "नेमसिंग पालिकेत हाय. आमाला कोन उठवतंय?"

दोन हजार तीनच्या जानेवारीत पालिकेनं गावाचा पुढल्या वीस वर्षांचा विकास आराखडा भिंतीवर टांगला आणि नेमसिंगच्या हातात कागद आला. त्यानं तो शिपायाकडून वाचून घेऊन दोन दिवसांत पाठ केला. "प्रारूप विकास आराखड्यातील आरक्षनांबाबत नाऽगरिकांनी आपल्या हरकती व सूचना साऽठ दिवसांत लेखी स्वरूपात सादर कराव्यात होऽ!" तो 'हो' त्याचा स्वतःचा.

पंधरा दिवसांत आली तीन माणसं. दोघं रेशनकार्डाचं विचारायला, एक सावलीला.

पालिकेच्या मुख्याधिकारी साहेबांनी नेमसिंगला बोलावलं. साहेब प्रत्येक वाक्य इस्त्री करून बोलायचे. "असं आहे बघा नेमसिंग. लोकसहभाग. लोकसहभाग दिसला पाहिजे. फाईल वर जाते. वर काय विचारतात? प्रतिसाद किती?" आणि त्यांनी फॉर्मांचा गठ्ठा पुढं सरकवला. फॉर्मात दोन चौकोन होते. हरकत आहे. हरकत नाही.

नेमसिंग गठ्ठा घेऊन सरळ आपल्या वस्तीत आला. लिंबाखाली सगळे जमले. शेजारचा प्रेमदास म्हणाला, "भाऊ, तू रोज वरडून राहिला, आरक्षन आरक्षन. ते हाय तरी काय?"

पालिकेतला माणूस म्हटल्यावर 'ठाऊक नाही' कसं म्हणणार? नेमसिंगनं मान उंच केली. "आरक्षन ठाऊक न्हाई तुला? नोकरीत असतंय ते. आपल्याला तर हायेच. आता गावालाबी द्यायलेत."

"देऊ दे की मग! आपली काहून हरकत?"

"आपली काय हरकत?" म्हातारी रूपाबाई बोळक्या तोंडानं म्हणाली आणि सगळे हसले. 'हरकत नाही'च्या चौकोनात आठ घरांचे आठ अंगठे उमटले. रजिस्टरात पहिली आठ नावं उताराच्या वस्तीची लागली, सगळ्यात वर नेमसिंग. साहेब म्हणाले, "शाब्बास." ते शाब्बास नेमसिंगनं मिराबाईला तीनदा सांगितलं. दोनदा साहेबांच्या आवाजात.

साठाव्या दिवशी दुपारी तीनला तातेराव पालिकेत आले. उताराच्या मागलं शेत त्यांचं. चष्मा कपाळावर चढवून ते नकाशाला नाक लावून उभे राहिले आणि मग म्हणाले, "माझं शेत वाचलं बाबा. नेमसिंग, तुझ्या घरावर मात्र आरक्षन पडलं की रे."

"आमाला हायेच ते, काका," नेमसिंग हसत म्हणाला.

"अरे येड्या, नोकरीचं न्हाई. बगिच्याचं! हे हिरवं बघ. हा तुमचा हापसा, हे लिंबाचं झाड. आठीच्या आठी घरं हिरव्यात. घरं काढायची अन् तिथं बगिचा करायचा."

नेमसिंगनं हिरव्यावर बोट ठेवलं. बोटाखाली अख्खी वस्ती झाकली गेली. बोट उचललं, तर नुसतं हिरवं.

"आता काय करायचं, काका?"

"हरकत द्यायची. तूच तर साठ दिस सांगून राहिला. आज पाचपर्यंत."

त्यानं रिक्षा काढली. उतार चढताना साखळी दोनदा उतरली, हात काळे झाले. वस्तीत पोचला तर हापशावर कुणी नाही, लिंबाखाली कुणी नाही. तेव्हा आठवलं. हळद शिजवायला सगळी वस्ती कुरुंद्याच्या रानात गेलेली, दिवे लागेपर्यंत येणार नव्हती. घरात मिराबाई होती, तापानं राहिलेली, आणि ओट्यावर रूपाबाई.

त्यानं एका दमात सांगितलं.

"अवो, पन तुमीच तर म्हनले, आपली काय हरकत."

"म्हनलो."

"समद्यांचे अंगठे तुमीच घेतले."

"घेतले. आता ऊठ, मिरा. पाया पडतो तुझ्या, ऊठ."

दोघींना रिक्षात बसवून तो निघाला. भोंगा रूपाबाईच्या डोक्याला लागत होता. "आरं हळू, लेकरा," ती म्हणत होती. "मी न्हाई हरकत केली कुनाला. कुनाला तकलीफ दिली न्हाई मी कधी."

आवक-जावक टेबलावर रामकिशन बाबू, तोंडात तोबरा. बोलला की गुळण्या केल्यासारखं वाटायचं. "काऽय ले नेमशिंग? बायकू घेऊन आला?"

"बाबू, हरकत लिहून घ्या. आमची हरकत हाय."

रामकिशननं खिडकीतून थुंकून तोंड मोकळं केलं, रजिस्टर उघडलं आणि पहिल्याच पानावर बोट ठेवलं. "हे बघ. घर तुझं, अंगठा तुझा. हरकत नाही. एका घराचा एकच फॉर्म."

"ते चुकून झालं. मी अंगठा दिला, हिनं कुठं दिला? हिचा घ्या."

"कर्त्या माणसाचा झाला, आता बाईचा कसा घेऊ? उद्या माझ्यावर येईल."

"मग म्हातारीचा घ्या. ती एकटीच हाय घरात."

"ही बघ, रूपाबाई. पाचवा नंबर. फॉर्मवर अंगठा बराबर उमटलाय." रामकिशन वाईट माणूस नव्हता. त्यानं आवाज खाली आणला. "साहेबांना विचार. ते म्हणाले तर मी लगेच लिहितो."

साहेब हिंगोलीला मीटिंगला गेले होते. नेमसिंग तरी त्यांच्या दाराशी जाऊन आला. कुलूप हलवून आला. परत येऊन त्यानं टेबलाची कड धरली. "आठ घरं हायत, बाबू. माझ्या भरवशावर बसलेली. फाडा ना ते पान."

"पान फाडू? येडा झाला का? नंबर टाकलेत पानांना."

भिंतीवरच्या घड्याळात पाचला पाच कमी होते. रामकिशननं शेवटच्या नावाखाली लाल रेघ ओढली.

नेमसिंग बाहेर आला, रिक्षावर चढला आणि त्यानं माईक चालू केला.

"ऐकाऽ हो ऐकाऽ! तमाम नाऽगरिकांना कळविन्यात येतं कीऽऽ..." आणि तो 'की' या वेळी मधेच तुटला. "नेमसिंगची हरकत हाय! उताराच्या आठी घरांची हरकत हाय! आधी न्हाई म्हनलो ते चुकून म्हनलो! आमाला आरक्षन कळलं न्हाई होऽ! हरकत हाय!"

बाजारातली माणसं थांबली. पोरं हसली. कुणीतरी ओरडलं, "नेमसिंगला चढली रे!" मिराबाई पदरानं तोंड झाकून उभी होती. आणि रामकिशन बाबू खिडकीत येऊन अगदी हळू म्हणाला, "नेमसिंग, तोंडी चालत नाही रे. साठ दिवस तूच सांगितलंस ना. लेखी."

शिपायानं खिडकी लावून घेतली.

दिवे लागताना माणसं कुरुंद्याहून परतली. कोपरापर्यंत पिवळे हात, अंगाला हळदीच्या वाफेचा वास. नेमसिंग लिंबाखाली बसला होता. प्रेमदास दुरूनच हसत आला.

"काय रे भाऊ, आमी गावातून येत होतो, लोक म्हनले आज नेमसिंग लई वरडला. आरक्षन आरक्षन करत होता म्हने. मिळालं का आपल्याला?"

नेमसिंग साखळीनं काळे झालेले हात मातीत पुसत राहिला. एकेक जण येऊन भोवती टेकत होता. हापशावर हात धुणाऱ्यांनीही धुणं थांबवून इकडं मान वळवली.

"बोल ना," प्रेमदास म्हणाला. "साऱ्या गावाला सांगतो, अन् आमाला काहून न्हाई?"

"बसा," नेमसिंग म्हणाला. इतक्या हळू, की मागच्यांना ऐकू गेलं नाही. "समदे बसा आधी."