न सांगितलेला शब्द

नवऱ्याचं तेरावं झालं आणि मी शाळेत परत गेले. घरी काही सुचत नव्हतं. शाळेतही सुचत नव्हतं, पण तिथे निदान घंटा वाजायची.

उंद्रीच्या अलीकडची आमची लहानशी शाळा, चौथीपर्यंतची. चौथीतली एक मुलगी अजून वाचत नव्हती. अक्षरं ओळखायची, पण ती जुळवेपर्यंत पहिलं विसरून जायची. पाचवीसाठी गावाबाहेर जावं लागणार होतं. तिची आई मला सांगून गेली होती, "वाचताच येत नाही तं कायले पाठवू, बाई? वावरात नेतो संगं."

दुपारी मी मुलीला जवळ बसवलं. मूल बोलेल ते वाक्य पाटीवर लिहायचं आणि त्याच्याकडूनच वाचून घ्यायचं, अशी एक रीत आहे. स्वतःचं बोलणं असलं की पुढचा शब्द आधीच तोंडात असतो.

"मायनं मले भाकर देली," ती म्हणाली. मी हाताच्या सवयीने लिहिलं, 'आईने मला भाकर दिली.' तिने पहिल्या अक्षरावर बोट ठेवलं, "मा..." म्हणाली आणि थांबली.

"बाई, हे माह्यं नाही."

"तुह्यं नाही तं कोनाचं वं?" मागून कुणी तरी ओरडलं. वर्ग हसला. मी कुणाला गप्प केलं नाही.

पुसून तिचं तिला लिहून दिलं. तिने ते वाचलं, परत वाचलं. 'मले'तल्या 'ले'वर बोट जरा रेंगाळलं.

"अजून सांग."

"बाईचे मालक मेले."

या वेळी कुणी हसलं नाही. मी 'बाईचे मालक' लिहिलं. पुढे 'वारले' लिहिलं. तिचा शब्द हातून उतरला नाही.

शेवटच्या शब्दाशी ती "मे..." म्हणाली आणि बोट मागे घेतलं. मग सावकाश, "वा... र... हा मलेतला ले. वारले." तिने वर पाहिलं. "बाई, मी तं मेले म्हनलं व्हतं."

"हो," मी म्हणाले.

शाळा सुटल्यावर तिची आई आली, तेव्हा मी तीच पाटी पुन्हा वाचायला लावली. आईने तोंडाला पदर लावला. "काय वं हे, बाईसमोर!"

"ती मेले म्हणाली होती, मी वारले लिहिलं. तिने न सांगितलेला शब्द वाचला," मी म्हणाले. "पाठवा तिला पाचवीला."

आईने पाटीकडे बघत लेकीला विचारलं, "वारलेच लिव्हलं हाय का वं?"

"हाव," मुलगी म्हणाली.

"पाठवतो मंग."