करदोडा आणि पोटावरचा वण

पोटाच्या ऑपरेशनला दोन वर्षं झाली तरी मला वाकता येत नव्हतं. बेंबीखालून सरळ खाली वण गेलेला, लाल, गांडुळासारखा फुगलेला. वाकलं की आतून कोणी चिमट्यात धरून ओढतंय असं व्हायचं. म्हणून आंघोळीला मुलगा लागायचा. उभी हयात सातपूरला लेथवर काढलेला माणूस मी, आणि स्टुलावर बसून पोटच्या पोरापुढे साबण लावायला पाय पुढे करायचो. मला रोज किळस यायची. त्याला येते का, हे विचारायची हिंमत नव्हती.

डॉक्टर म्हणाला, वण आतल्या थरांना चिकटलाय, हाताने मोकळा करणारी एक मुलगी आहे, तिला दाखवा. पंचवटीत गेलो. एका खोलीत तीन खाटा, मध्ये कळकट पडदे. पलीकडचा माणूस सारखा ढेकर देत होता आणि दरवेळी कच्च्या कांद्याचा वास इकडे यायचा. मुलगी माझ्या नातीएवढी. वणाच्या कडेला दोन बोटं टेकवून नुसती उभी राहिली.

"चोळणार कधी?" मी विचारलं.

"चोळायचं नाही, आजोबा. कातडी हळूच ओढून धरायची आणि ती सुटेपर्यंत थांबायचं."

"असं थांबलेलं आमच्या कंपनीत चालत नव्हतं."

"मग कंपनीतच दाखवायचं होतं पोट."

बोटं खाली सरकली आणि थांबली. करदोडा! डॉक्टरकडे जाताना मी लेंगा वर ओढून तो झाकायचो, त्या दिवशी विसरलो. ऑपरेशनआधी नर्सने जुना कापला होता. शुद्धीवर आल्यावर मी पहिलं काम केलं ते मुलाला नवा आणायला धाडलं आणि ओल्या टाक्यांवरच तो करकचून बांधून घेतला. आमच्यात करदोडा तोडतात तो मेल्यावर. रिकाम्या कमरेने घरी कसा जाणार?

"हा वणात रुतलाय," ती म्हणाली. "काढावा लागेल."

"मी मेल्यावर काढा."

"तोवर मुलाकडून पाय धुऊन घेणार?"

हे तिला मुलानेच सांगितलेलं. तो दाराशी मोबाइलमध्ये डोकं घालून बसला होता. मी रागाने खाटेवरून उतरलो, सँडलमध्ये पाय घातला, पण पट्टा लावता येईना. मुलगा लगेच उठून खाली बसला. बसताना त्याने श्वास रोखून धरला. नाल्यावरून जाताना धरतात तसा.

"कात्री द्या," मी मुलीला म्हणालो.

"मी कापते, आजोबा."

"मीच कापणार."

कापून ओढला तर कातडीचा पापुद्रा घेऊनच आला. काळा दोरा घामाने कडक झालेला, गाठीत मळ बसलेला, वास आंबट. खाली पांढरी, चिघळलेली रेघ. ही घाण मी दोन वर्षं अब्रू म्हणून अंगावर वागवली होती. खाटेखालच्या डब्यात टाकली. कंबर नागडी वाटत राहिली, ती आजही वाटते.

"सगळं दुखणं दोऱ्याचं नाही," मुलगी म्हणाली. "चिकटलेलं सुटायला वेळ लागेल. आधी ही जखम भरू द्या."

जखम भरल्यावर दोन-अडीच महिने जात राहिलो. बरं वाटतंय असं तिला एकदाही म्हणालो नाही. कारण कातडी सुटते तेव्हा बरं वाटतच नाही. कोंबडीचं कातडं मांसावरून सोलावं तसं आपल्याच पोटात होतं. मी तोंड भिंतीकडे करून पडायचो.

आता दोन्ही पाय घोट्यापर्यंत धुता येतात. परवा मुलाला न्हाणीतून बाहेर काढला. तो दाराबाहेरच उभा.

"बाबा, बोटं राहिली असतील. येऊ का?"

"राहू दे मळलेली!" मी ओरडलो आणि आतून कडी लावली.