तुळशीरामला गप्प बसवणारी बहीण

रंजिताला आपल्या थोरल्या भावाचं, तुळशीरामचं, कौतुक कधीच नव्हतं. दादाने जमीन विकून बंगला बांधला, दारात दोन गाड्या उभ्या केल्या, गळ्यात बोटाएवढी जाड चेन घातली, अक्कल तेवढी घ्यायची राहिली, असं ती पनवेलच्या एसटी स्टँडमागच्या आपल्या पार्लरमध्ये गिऱ्हाइकांच्या भुवया कोरताना खुशाल सांगायची.

त्याची मुलगी मनस्वी कॉलेजला जाईना, धड जेवेना, दिवसभर पांघरूण घेऊन पडून राही. एकदा धीर करून ती म्हणाली, "बाबा, मला कशातच बरं वाटत नाय." यावर या शहाण्याने काय करावं? तिच्या वाढदिवसाला गावच्या नाक्यावर तिचा जुना हसरा फोटो छापून घराएवढा बॅनर ठोकला आणि डीजे आणला. वहिनीने, सत्यवतीने, मीठमोहऱ्या ओवाळून टाकल्या. झालं, आईबापांचं कर्तव्य संपलं. पोरगी केक कापायला खोलीबाहेर आली नाही, तेव्हा पाहुण्यांत नाक कापलं म्हणून बाप आठवडाभर फुगून बसला. पोरीला काय होतंय, हे विचारायला मात्र त्याला सवड नव्हती.

शेवटी मनस्वी पार्लरमध्ये येऊन रडली. "आत्या, मी बोलायला गेले की आईबाबाच बोलत बसतात. मला आता जगावंसंच वाटत नाय, हे त्यांना कसं सांगू?"

रंजिताने हातातला दोरा खाली ठेवला. "आजच सांग. मी शेजारी बसते. मधे कोण बोललं तर त्याला मी बघते."

संध्याकाळी बंगल्यावर जाऊन तिने भाऊ-वहिनीला सोफ्यावर बसवलं, टीव्ही बंद केला, भावाच्या हातातला फोन काढून घेतला. मनस्वीने तोंड उघडलं तोच तुळशीराम सुरू झाला. "काय कमी हाय तुला? स्कूटी हाय, खोलीत एसी हाय..."

"दादा, तुझी श्रीमंती आमाला पाठ हाय. गप बस."

"पण लोकांना कळलं तर हिचं लगीन..." सत्यवती म्हणाली.

"वहिनी, तू पण."

मग मनस्वी बोलली. अडखळत, खाली मान घालून, पण सगळं बोलली. मरावंसं वाटतं, तेही. जन्मात पहिल्यांदा तुळशीरामला फुशारकी मारायला काही सापडेना.

"कवापासून?" त्याने विचारलं.

"दहावीपासून."

ती आता कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होती. सत्यवती पदर तोंडाला लावून रडू लागली.

"आमी तर घरातच होतो," तुळशीराम पुटपुटला.

"होतास की," रंजिता म्हणाली. "उद्या डॉक्टरकडे तूच ने तिला. आणि गाडीत तिला बोलू दे."