काळी चार

गॅदरिंगच्या दिवशी मी जिल्ह्यातल्याच गोरेगावहून हिंगोलीला कॉलेजात पोचले, तेव्हा पटांगणात स्पीकर दणाणत होता आणि पोरी साड्यांच्या निऱ्या सांभाळत फोटो काढत होत्या. माझं गाणं दुपारी होतं. मोकळ्या वर्गात मोबाइलवरच्या ट्रॅकसोबत म्हणून पाहिलं, तर अंतऱ्याला आवाज फाटला. तीनदा म्हटलं, तिन्ही वेळा फाटला. मी यादीतून नाव काढायला निघाले.

रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत काम करणारे काका दारात उभे राहून ऐकत होते. ते नरसीला भजनात पेटी वाजवतात, हे मला नंतर कळलं.

"नाव काहून काढतीस?" त्यांनी विचारलं.

"आवाज चढत न्हाई, काका."

"आवाज बराबर हाय. पट्टी दुसऱ्याची हाय, त्या ट्रॅकवालीची. तुझा सा येगळा."

त्यांनी मंडपातली पेटी आणून प्रयोगशाळेच्या ओट्यावर ठेवली आणि एकेक सूर देत मला 'सा' लावायला सांगितलं. काळी चारला, म्हणजे सप्तकातल्या चौथ्या काळ्या सुराला, ते थांबले.

"ही तुझी."

इतकी वर्षं मी गात होते, पण आपली पट्टी कोणती हे कधी कुणाला विचारलं नव्हतं.

दुपारी ते पेटीवर बसले आणि मी गायले. अंतरा सहज गेला. शिट्ट्या वाजवणारी मागची पोरं मधेच गप्प झाली. बक्षीस नाचाच्या गटाला मिळालं. मला फारसं वाईट वाटलं नाही.

आभार मानायला गेले, तर काका परीक्षानळ्या धूत होते. "रोज सकाळी तेवढा सा लावत जा," म्हणाले आणि पुढची नळी हातात घेतली.