समीरच्या गाण्यावर माझं हसणं

जुना फोन चार्ज केला आणि परदेशातल्या आमच्या टाकानिनी उपनगराच्या चर्च हॉलमधला एक रविवार वाजू लागला. बँजो, गिटार आणि माझ्याबरोबर राहणाऱ्या समीरची पेटी. अमेरिकन लोकगीतांच्या ढंगात येशूची भजनं. "आईला पाठवायचंय, नीट रेकॉर्ड कर रे," असं मला बजावून तो स्टेजवर गेला होता. तो गायला लागला आणि धुराचं मशीन सुरू झालं. "हा धूप देवाला, की डासांना?" मी शेजारच्याला म्हणालो आणि खो खो हसलो.

घरी ते ऐकून समीर एवढंच म्हणाला, "असू दे. पुढच्या रविवारी परत करू."

शुक्रवारी मोटरवेवरच्या अपघातात तो गेला.

त्याची आई पुण्याहून अजून विचारते, "त्याचं गाणं आहे का रे कुठे?" मी "नाही" म्हणतो. त्याचा सूर जिथे चढतो, तिथेच मी हसतोय.